मामंजींचा फिल्टर

माझ्या थोरल्या भावाने एकतीस वर्षे एका अख्ख्या शहराला पाणी पुरवले, आणि त्या पाण्याने कोणी आजारी पडल्याची एकही नोंद नाही. हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बराच वेळ काही येणार नाही. जलशुद्धीकरण केंद्राचा मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून तो निवृत्त झाला, पण ते पद त्याच्यातून निवृत्त झाले नाही. अजूनही तो कोणाच्या घरी गेला की ग्लास आधी उजेडाकडे धरतो, आणि मग यजमानाकडे पाहतो.

त्याच्या दिवाणखान्यात दोनशे लिटरची मत्स्यटाकी होती. ती वहिनींची. दादा आठ वर्षे तिच्याकडे बायकोच्या माहेरच्या माणसांकडे पाहावे तसे पाहत आला: सौजन्याने, लांबून आणि नावे लक्षात न ठेवता. टाकीत पाच गोल्डफिश होते. थोरली, मधली, धाकटी, चिमणी, आणि हाताच्या पंजाएवढा एक जुना नर, ज्याच्या कपाळावर मांसल गाठ होती आणि जो पाहणाऱ्याकडे सदैव नापसंतीने बघे. त्याचे नाव वहिनींनी आपल्या सासऱ्यांवरून 'मामंजी' ठेवले होते. ते सासरे म्हणजे माझे वडील. त्यांची लेक या नात्याने मी या नामकरणाला हरकत घ्यायला हवी होती. पण साम्य इतके निर्विवाद होते की पहिल्याच भेटीत मी काचेसमोर नकळत पदर सावरला.

वहिनी घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकण्यासाठी त्यांना सहा आठवडे एका पुनर्वसन केंद्रात राहावे लागणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी टाकीच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवली: 'दिवसातून एकदा चिमूटभर. बाकी कशालाही हात लावू नये.' दादाने या संहितेतील पहिले वाक्य प्रमाण मानले आणि दुसरे प्रक्षिप्त ठरवले.

दुसऱ्याच दिवशी त्याने फिल्टर उघडला. आत दोन स्पंज होते, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाच्या रंगाचे, बुळबुळीत, दलदलीसारखा वास येणारे. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्यातील प्रत्येक सजीव कणाला फाशीची शिक्षा सुनावली, त्याच्या घरात, त्याच्या आरामखुर्चीपासून चार पावलांवर, आठ वर्षे हे चालू होते. त्याने स्पंज फेकून दिले. खडी ब्लीचमध्ये भिजवून सतरा वेळा धुतली. दगड उकळले. सगळे पाणी बदलले. नळाच्या पाण्यातील क्लोरिन मात्र मारून घेतला, अगदी हिशेबाने, कारण तेवढे कोणालाही कळते असे त्याचे म्हणणे. मग त्याने बाजारातल्या यच्चयावत शुद्धीकरण यंत्रणांचा अभ्यास केला. चौदा रकान्यांचा तक्ता केला. त्या तक्त्यात पाण्याचा वेग होता, कोळशाचे वजन होते, दिव्याची शक्ती होती, यंत्राचा आवाजसुद्धा होता. मासा हा रकाना नव्हता.

निवड झाली ती एका बंद डब्याची. पंप टाकीतले पाणी त्यात ढकलतो. तिथे ते तलम गाळणीतून, मग कोळशातून आणि शेवटी जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यासमोरून जाते. मासेविक्रीच्या दुकानाची मालकीण, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक स्थूल बाई, त्याला म्हणाली होती, "साहेब, यंत्र कुठलंही घ्या, पण जुना स्पंज त्यात ठेवा."

"बाई, मी सगळं आयुष्य पाण्यात काढलंय."

"मासेही काढतात, साहेब," ती म्हणाली.

हे संभाषण मला दादानेच नंतर ऐकवले. तेव्हा तो तिच्या उद्धटपणाचा नमुना म्हणून ऐकवत होता.

मी त्याच्याकडे गेले ती पाचव्या आठवड्यात. टाकीसमोर उभी राहिले आणि क्षणभर आत पाणी आहे हेच कळेना. मासे हवेत टांगल्यासारखे दिसत होते. पाच नव्हते, तीन होते. तिघेही वरच्या कडेला तोंडे लावून आ वासून श्वास ओढत होते, आणि मामंजींच्या पांढरट शेपटीवर बारीक लाल रेघा उमटल्या होत्या.

"बघ," दादा म्हणाला. "गढूळपणा शून्य. जिवाणू शून्य. हे पाणी मी तुला आत्ता ग्लासात घालून देऊ शकतो."

"मला नको. दोघी कुठे आहेत?"

"मधली मंगळवारी गेली. चिमणी काल. जुना संसर्ग असणार. आठ वर्षांचा साठलेला. मी दुप्पट ताकदीचा दिवा मागवतोय."

"दोन मेल्यावर?"

"म्हणूनच तर."

जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहण्यात माझा जन्म गेला. त्या धंद्यात एक साधी गोष्ट लवकर कळते: ज्या प्रतीत एकही डाग नाही, एकही खाडाखोड नाही, ती प्रत आधी संशयाने वाचावी, कोणीतरी हुशार माणसाने तिच्यावर हात फिरवलेला असतो. त्या पाण्याकडे पाहताना मला तेच वाटले.

"वहिनींना विचारलंस?"

"तिला कशाला उगाच त्रास? नऊ दिवसांनी येतेच आहे. तोवर मी सगळं मार्गी लावतो."

'तिला कशाला त्रास' या तीन शब्दांच्या दयेखाली जगातल्या किती नवऱ्यांची किती अज्ञाने सुखाने झोपली आहेत, याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा. हे मासे आठ वर्षे जगले होते. ज्या बाईने ते जगवले, ती जिवंत होती, शुद्धीवर होती, तिच्या उशाशी फोन होता. पाच आठवड्यांत चौदा रकाने भरणाऱ्या माणसाला तो एक नंबर लावावासा वाटला नव्हता. मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर, त्याच्या तक्त्याच्या बरोबर मध्यभागी ठेवला.

"बोला वन्सं," वहिनींचा आवाज आला. "आत्ताच अठरा पायऱ्या चढवल्या मला. किती शिव्या दिल्या ते मोजलं नाही."

"वहिनी, दादाला काही सांगायचंय."

वहिनी सव्वीस वर्षे इस्पितळाच्या नवजात विभागात परिचारिका होत्या, त्यांतली अकरा वर्षे मुख्य. असल्या वाक्याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही.

"कोण गेलं?"

"मधली," दादा म्हणाला. "आणि काल चिमणी."

"मामंजी?"

"आहेत. पण वर येऊन श्वास घेतायत." हे वाक्य त्याने अशा सुरात म्हटले की मला खरोखर वडिलांचे शेवटचे दिवस आठवले. त्यालाही आठवले असावेत, तो खाकरला.

"स्पंज कुठे आहेत?"

"कुठले?"

"अहो, कुठले म्हणजे? दोनच होते. तपकिरी."

"टाकले. अगं, ते इतके घाण—"

"खडी?"

"ब्लीचमधे धुतली. पण नंतर सतरा वेळा—"

"दगड?"

"उकळले."

"म्हणजे घर साफ करायचं म्हणून घर जाळलंत," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यामुळे दादा अधिकच ताठ बसला. "मला एक सांगा. मासे मुततात कुठे?"

"काय?"

"प्रश्न सोपा आहे. एकतीस वर्षं पाण्याची नोकरी केलीत. मासे मुततात कुठे, आणि ते पुढे जातं कुठे?"

दादाने तोंड उघडले आणि मिटले. काचेपलीकडे तिघे जण तेच करत होते.

"अमोनिया," तो हळूच म्हणाला.

"मोजला?"

"नाही."

"का?"

"पिण्याच्या पाण्यात आपण तो क्लोरिन घालून आधीच... म्हणजे तिथे तो प्रश्न शेवटी उरतच नाही."

"हे पाणी प्यायचं नाहीये हो. यात राहायचंय." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "निर्जंतुक म्हणजे काय ते मला शिकवू नका. निर्जंतुक कात्री असते. बाळ नसतं. त्या स्पंजात जे राहत होतं ना, ते यांची घाण खात होतं. तुम्ही खाणाऱ्यालाच मारलंत. आता कुणाकडून तरी विरजण मागून आणा. मी पुढच्या रविवारी येतेय. म्हणजे तीन उरलेत. मला तीन दिसले पाहिजेत."

'नाहीतर काय' असे दादाने विचारले नाही. त्याच्या शहाणपणाचा त्या महिन्यातला हा पहिला पुरावा.

फोन बंद झाल्यावर त्याने कपाटातून आपली परीक्षानळ्यांची पेटी काढली, टाकीतले पाणी घेतले, थेंब घातले. नळीतला पिवळेपणा पाहता पाहता गडद झाला. त्याने नळी उजेडाकडे धरली.

"नदीच्या पाण्यात एवढा निघाला असता," तो म्हणाला, "तर मी शहराचा पुरवठा बंद केला असता."

मग तो उठला, आणि इथून पुढे मला त्याच्याबद्दल बरे बोलता येईल. त्याने दिवा बंद केला. मागवलेल्या दुसऱ्या दिव्याची मागणी रद्द केली. निम्मे पाणी काढून ताजे भरले, क्लोरिन मारून, तापमान अर्ध्या अंशाच्या आत जुळवून. माशांचे खाणे थांबवले. तिन्हीसांजेपूर्वी पुन्हा तेच केले. चूक कळल्यावर हा माणूस स्वतःचा बचाव करण्यात वेळ घालवत नाही. अडचण एवढीच की चूक कळायला त्याला बायकोचा फोन लागतो.

बादली ठेवून तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साय."

"काय?"

"केंद्रात जुने वाळूचे हौद होते. पाणी वाळूतून सावकाश झिरपायचं. वाळूवर एक चिकट थर धरायचा. तिथले कामगार त्याला साय म्हणायचे. ती फार जाड झाली की खरवडावी लागे. पण सगळे हौद एकदम कधीच नाही, एका वेळी एकच. आणि खरवडल्यावर पहिले काही दिवस त्याचं पाणी वाया सोडायचे. एक म्हातारा तर शेजारच्या हौदातली दोन घमेली वाळू आणून वर पसरायचा. मला म्हणायचा, साहेब, विरजण लावतोय."

"तू काय म्हणालास त्याला?"

"म्हणालो नाही. लिहिलं. अहवालात. 'अनावश्यक सेंद्रिय थर.'" त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे, ती वेळेवर येत नाही इतकेच. "ते हौद मी बंद केले. शहर चौपट झालं होतं. मी बरोबरच केलं."

"केलंस. पण इथे मासे चौपट झाले नव्हते, दादा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी आम्ही दारात होतो. मालकिणीने त्याला ओळखले आणि दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"या साहेब. यंत्र बिघडलं?"

"यंत्र उत्तम आहे," दादा म्हणाला. "मला ते नकोय. साधा स्पंजचा फिल्टर द्या. हवेच्या पंपावर चालणारा. दोन."

दुकानातली ती सर्वांत साधी चीज होती: नळीला लावलेला स्पंज, त्यातून हवेचे बुडबुडे वर जातात आणि पाणी आपोआप स्पंजात ओढले जाते. तिने खालच्या फळीवरून दोन खोकी काढली.

"नवे नकोत. वापरलेले हवेत. तुमच्या टाकीतले. मळलेले."

"ते विकायचे नाहीत. त्याच्यावर माझ्या टाक्या जगतात."

"म्हणूनच मागतोय."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. त्याच वेळी शेजारच्या फळीपाशी एक तरुण नवरा-बायको उभे होते. तरुणाच्या हातात दादाने घेतला तसलाच दिव्याचा डबा होता आणि तो बायकोला खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होता: नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतूंचा नाश. मालकिणीने हनुवटीने तिकडे खूण केली.

"आधी त्यांना सांगा. मी सांगितलं की गिऱ्हाइकांना वाटतं, बाईला काय कळतं."

दादा ताठ झाला. मला वाटले, आता परत फिरणार. पण तो त्या जोडप्याकडे गेला आणि म्हणाला, "माफ करा. मी जलशुद्धीकरण केंद्राचा मुख्य रसायनतज्ज्ञ होतो. हे यंत्र मी लावलं. माझे दोन मासे मेले." पुढे तो अर्धा तास बोलला. अमोनिया, त्याला खाणारे जिवाणू, त्यांनी मागे सोडलेले दुसरे विष, ते खाणारे दुसरे जिवाणू, त्यांना राहायला लागणारी जागा. हात हवेत फिरवून त्याने वाळूचा हौद काढून दाखवला. तरुणाने खोके फळीवर ठेवले. त्याच्या बायकोने विचारले, "मग घ्यायचं काय?" तेव्हा दादाने आणखी दहा मिनिटे घेतली, आणि ती दोघे एक रिकामी बादली व संयम एवढेच घेऊन जाणार असे दिसू लागले.

"पुरे, साहेब," मालकीण म्हणाली. "आणखी बोललात तर माझं दुकान बसेल."

"कुठल्या टाकीतले देणार?" दादाने विचारले. "तिथे शेवटचा मासा कधी आजारी पडला?"

"सात महिने झाले." पहिल्यांदाच ती हसली. "आता विचारायला लागलात." तिने मागच्या एका टाकीतून दोन मळके स्पंज काढले आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत भरले. "धुवायचे नाहीत."

"नाही."

"नळाखाली धरायचे नाहीत."

"नाही."

"वास आला तरी?"

"बाई, मी त्या वासासाठीच आलोय."

स्पंज लागले. पुढचे काम दादाच्या स्वभावाला सर्वांत कठीण होते: काही न करणे. तो दर सकाळी पाणी तपासे, गरजेपुरते बदले, आणि मग हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभा राही. पहिले दोन दिवस आकडा थोडाथोडा उतरला. तिसऱ्या दिवशी थोरली आणि धाकटी वरची कड सोडून खाली फिरू लागल्या. मामंजी मात्र तळाला गेले आणि एका बाजूला कलून पडले.

"औषध घालू का?" दादाने फोनवर विचारले. मी त्या दिवसांत तिथेच मुक्काम ठोकला होता. उघड कारण मदत, खरे कारण पहारा.

"कल्ले मिनिटाला किती हलतायत?" वहिनींनी उलट विचारले.

दादाने घड्याळ लावून मोजले. "एकशे बारा."

"औषध नाही. खाणं नाही. पाणी थोडं बदला. संध्याकाळी परत मोजा आणि मला कळवा."

अशा रीतीने शहराच्या माजी मुख्य रसायनतज्ज्ञाने एका माशाचा श्वास दिवसातून दोनदा मोजून आपल्या बायकोला कळवण्याची नोकरी धरली. एकशे बारा. एकशे आठ. चौथ्या दिवशी सकाळी एकशे सोळा. त्या दिवशी तो जेवला नाही आणि मी त्याला जेव म्हटले नाही. संध्याकाळी एकशे चार. पाचव्या दिवशी अमोनिया जवळजवळ दिसेनासा झाला, मामंजी सरळ झाले आणि तळाची खडी नाकाने ढोसू लागले. दादाने मला हाक मारली ती इतक्या मोठ्याने, की मला वाटले तो पडला. सहाव्या दिवशी ब्याऐंशी.

"आता?" त्याने फोनवर विचारले.

"आता काही नाही," वहिनी म्हणाल्या. "बरं होत असलेल्या माणसाला सारखं उठवून विचारायचं नसतं, बरं वाटतंय का म्हणून."

रविवारी त्या आल्या. वॉकर दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल पुढे टाकत, आधार नाकारत. दिवाणखान्यात पाणी पूर्वीसारखे अदृश्य राहिले नव्हते. त्याला किंचित पिवळसर झाक होती आणि बुडबुड्यांची बारीक कुरकुर ऐकू येत होती. दादा टाकीच्या बाजूला उभा होता, तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखा, फक्त वय सोडून. वहिनींनी त्याच्याकडे पाहिले नाही. खुर्ची ओढायला लावली, बसल्या, आणि मोजले. थोरली. धाकटी. मामंजी दगडामागून बाहेर यायला जरा वेळ लागला.

मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ लावून मिनिटभर मामंजींचे कल्ले मोजले.

"चौसष्ट. अमोनिया?"

"शून्य," दादा म्हणाला. "आणि ते दुसरं विषही शून्य. तीन दिवस झाले."

"मग आता खायला घाला. अर्धी चिमूट."

त्याने अर्धी चिमूट घातली. मामंजी वर आले, एक कण तोंडात घेतला, थुंकला, अविश्वासाने त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा घेतला. दुसराही घेतला. वहिनींचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर ओढलेले होते हे मला तेव्हा कळले.

"मधलीचं आणि चिमणीचं..." दादाने सुरुवात केली.

"त्यांचं मी विसरणार नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीही विसरू नका. पण बुधवारी यातला एक स्पंज पिळायचा आहे. एकच, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बादलीत, टाकीतल्याच पाण्यात. मला अजून वाकता येत नाही, तेव्हा तुम्ही पिळाल आणि मी इथे बसून बघेन."

दादाने मान हलवली. मग त्याने तिच्याजवळची खुर्ची ओढली, बसला, आणि एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पाण्याविषयी बायकोला पहिला प्रश्न विचारला.

"किती पिळायचा?"

"दोनदा," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तुमचे हात शिवशिवतील. तेव्हा तो परत लावायचा."